भिकुबाईचा हात

"बाही वर घ्या, ताई," पंडित म्हणाला, आणि सुई हातात धरून तसाच थबकला. दंडाखाली गोंदलेल्या विंचवाशेजारी एक निळसर डाग होता. परवाचा. त्याच्याच सुईचा.

धुळ्याच्या बसस्टँडमागच्या त्या लॅबमध्ये रक्त काढता काढता पंडितची अकरा वर्षं गेली होती. चौऱ्याण्णव साल होतं. एड्सच्या तपासणीला येणाऱ्या बायका पदर हनुवटीपर्यंत ओढून बसत, आणि पंडित त्यांच्या तोंडाकडे कधी बघत नसे. नाव चिठ्ठीवरून उतरवायचं, नजर हातापुरती ठेवायची. या सभ्यपणाचा त्याला मनातून अभिमानही होता. आज त्याने पहिल्यांदा मान वर केली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पुष्पा, वय सव्वीस'. समोरची बाई पन्नाशी उलटलेली होती.

"परवा प्रमिला म्हणून कोण आलं होतं?"

"मीच," बाई म्हणाली. यात लपवण्यासारखं काही आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

"आणि सोमवारी कमल?"

"ती बी मीच. मनं नाव भिकुबाई. तठे जिनमा सैपाक करस मी."

नरडाण्याजवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनात व्हिडिओवर नागडे पिक्चर काढतात, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तिथला मॅनेजर छगन चिठ्ठ्या पाठवी आणि रिपोर्ट मागवून घेई. कोण आलं, कोण नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"बाया सुईले घाबरतस, भाऊ. प्रमिला ते मनी भाची शे, सुई देखी का तिले चक्कर येस. म्हनीसन मीच वनी. मनं रगत चांगलं शे, तुम्हीच ते लिखी दिधं."

पंडितने सुई खाली ठेवली.

"अहो मावशी, ज्याचा रोग त्याच्याच रक्तात दिसतो. तो कागद नेऊन तिथे करतात काय?"

"कागद दखाडा का काम सुरू. पहिले निरोध वापरेत. आते छगनभाऊ म्हनस, कागद शे ना, मंग निरोध कसाले?"

दोन कागद पंडितने सही करून दिले होते. त्या सहीच्या भरवशावर त्या बायका रोज कॅमेऱ्यापुढे उभ्या राहत होत्या. आपण मान खाली घालून माणुसकी करत होतो, आणि तिनेही हात पुढे करून माणुसकीच केली होती. त्याला स्वतःची किळस आली.

"उद्या त्यांना घेऊन या," तो कसाबसा म्हणाला. "त्यांनाच आणा. आणि तोवर कामाला जाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने भिकुबाई तिघींना घेऊन आली. छगनला बाजाराला जातो म्हणून सांगितलं होतं. पंडितने प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून नाव विचारलं. प्रमिला पंचविशीची होती, काटकुळी. तिला चक्कर आली नाही. तिने पर्समधून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद काढला.

"ह्यावर तर काही नाही म्हणून लिहिलंय ना, भाऊ?"

"ते रक्त तुमचं नव्हतं, ताई," पंडित म्हणाला.

कमल आणि पुष्पा निर्दोष निघाल्या. प्रमिलाची तपासणी पंडितने दोनदा केली. दोन्ही वेळा रोगाचा ठिपका उमटला. हा रोग त्या कागदाआधीचा की नंतरचा, हे कुठलीही तपासणी सांगणार नव्हती, आणि त्याला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं. त्याने प्रमिलाला आत बोलावलं. तिने मावशीचा पदर सोडला नाही, म्हणून त्याने दोघींना मिळून सांगितलं. मोठ्या दवाखान्यात परत तपासून घ्यावं लागेल, हेही सांगितलं.

प्रमिलाने कागदाची घडी घातली आणि परत पर्समध्ये ठेवली. भिकुबाईने बाही वर केली आणि विंचवाचा तो हात पंडितपुढे उताणा ठेवला.

"प्रमिलाना कागद परत लिख, भाऊ," ती म्हणाली. "मना हातमाईन काढ. हाऊ चांगला शे."