दहावं घर

आधीच सांगून ठेवते, मी तोंडाची फटकळ. माझे सासरे गल्लीत सगळ्यांना हसून सांगतात, "आमच्या मायाच्या तोंडाला फाटक न्हाई." म्हणूनच घरं तपासायचं काम मला जमेल असं वाटलं. लोकांच्या घरात जायचं, भिंतीवर टकटक करायचं, ओल कुठं, भेग कुठं ते तोंडावर सांगायचं. अजून काय पाहिजे!

पण नुसतं वाटून काय होतं? सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं साइटवर उन्हात वाळले, मग उदगीरच्या गुरुपादप्पा सरांकडे कोर्स लावला. सर निवृत्त इंजिनिअर, बोलणं मोजकं. त्यांची सही झाल्याशिवाय लायसनचा अर्ज पुढं सरकत नाही. दहा घरं तपासायची, दहा रिपोर्ट लिहायचे. नऊ घरं मी लातूरभर स्कुटीवर हिंडून केली. एका मालकानं तर "बाई, पाव्हणी म्हणून या, तपासायला नको" म्हणत चहा पाजला. चहा प्यायले आणि त्याच्या बाथरूमची ओलही लिहिली.

दहावं घर मात्र सरांच्या नियमानं आपलं स्वतःचं, आणि तेही सर समोर उभे असताना.

"आपल्या घरात खरं बोलता येत नसेल," सर म्हणाले, "तर दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?"

इथंच माझी पंचाईत झाली. आमचं घर सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. ग्यानोबा गवंडी म्हटलं की मुरुडपर्यंत जुनी माणसं अजून ओळखतात. मी त्यांना मामा म्हणते, पण बापापेक्षा जास्त जीव लावला त्या माणसानं.

लातुरात नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, कधी दहा. माझ्या लेकीच्या, यशूच्या वेळी मला सातवा महिना होता. टँकरखालून घागर उचलताना पाय घसरला आणि मी पडले. नशीब, काही झालं नाही. पण मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आठवड्याच्या आत दोन हजार लिटरची काळी टाकी गच्चीवर चढली, आमच्या खोलीच्या बरोबर मधोमध. "आता घागरीला हात लावायचा न्हाई," एवढंच बोलले.

ती पोर आता चार वर्षांची झाली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गादीच्या वर, स्लॅबला मला भेग दिसली. आधी केसाएवढी, मग काडी जाईल एवढी. आणि मी, एवढी फटकळ, गप्प बसले! यशूला "आजोबांजवळ झोप" म्हणून पुढच्या खोलीत पाठवलं आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. ज्यानं माझ्यासाठी टाकी आणली, त्याला काय सांगू, की तुमच्या टाकीनं तुमचीच स्लॅब फोडली?

सर यायच्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर रंगाचा वास. भेग गायब! आदल्या दिवशी मी बाहेर असताना मामांनी ती व्हाइट सिमेंटनं बुजवून वरून रंग मारला होता.

"सरांपुढं तुझी फजिती नगं," ते हळूच म्हणाले. "आता कोन्या मायच्या लालाला दिसत न्हाई."

मला रागही आला आणि रडूही. तेवढ्यात सर दारात.

स्वयंपाकघर झालं, जिना झाला, वायरिंग झालं. मी घडाघडा बोलत होते. मग आमची खोली आली. वर पांढराशुभ्र पट्टा नुसता चमकत होता. मामा दारात उभे, पोरीचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखे.

"स्लॅब?" सरांनी विचारलं.

'किरकोळ' हा शब्द ओठांवर आला होता. सही गेली असती तर गेली असती, शप्पथ सांगते, त्याचं मला काही नव्हतं. मामांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पण मी गप्प बसले असते तर उद्या त्यांनीच यशूची गादी परत तिथं टाकली असती.

"मामा, तुमची गवंडीकामाची दोरी देता का?"

त्यांनी दिली. एक टोक स्वतः स्टुलावर चढून धरलं, दुसरं मी धरलं. दोन्ही भिंतींपाशी छताखाली दोन-दोन इंचाचे ठोकळे लावून दोरी ताणली. मधोमध दोरी आणि स्लॅब यांच्यात जेमतेम बोट जाईल एवढी जागा उरली. मामांना पट्टी लागलीच नाही. त्यांना दिसलं.

"स्लॅबला झोळ आलाय," मी म्हणाले. "भेग होती, ती काल बुजवली. टाकी हलवून दुरुस्ती होईपर्यंत इथं कुणी झोपायचं नाही. रिपोर्टात असंच लिहिणार." मग माझा बांध फुटला. "मामा, स्लॅब चांगलीय हो तुमची! टाकीचं वजन भिंतीवर यायला पाहिजे होतं, एवढंच."

ते वळले आणि गच्चीवर गेले. मला वाटलं, मोडलं मी या माणसाला.

मग वरून आवाज आला. "ए शिवकांता! भांडी आन! गल्लीत समद्यांना सांग, पानी हाय!"

शेजारची शिवकांता आधी ऐकतच राहिली. आमच्या गावात लोक टाकीला कुलूप लावतात. मग घागरी, बादल्या, पातेली, जे हाती लागेल ते घेऊन बाया धावल्या. तासाभरात टाकी रिकामी.

मामा खाली आले तेव्हा सर सही करत होते. मामांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, तसेच माझ्याजवळ बसले.

"माया, लिही. मुरुडात चार घरं. औशाला दोन. हितं सहा. म्या बांधल्याली."

"कशाला मामा?"

"किल्लारीला भूकंपाचं ढिगारं उपसायला गेल्तो म्या. भित्तीखाली मान्सं गेली, ह्या डोळ्यांनी बघितलं. तवापासनं जो इचारंल त्याला सांगत आलो, भित्तीवर वजन नगं, टाकी मधोमध ठिवा. बाराच्या बारा घरी ठिवल्यात, पोरी. माझ्या सांगन्यावरून."

सरांनी सही केलेला कागद माझ्या हातात ठेवला.

"चल," मामा उठले. "चुकलो म्हून म्याच सांगतो त्यान्ला. तू फकस्त नीट तपास."

"अहो, धोतर तरी बदला."

"वाळतंय वाऱ्यानं," म्हणत ते स्कुटीवर माझ्या मागं बसले.