दाजीच्या चित्रातली कोरी जागा

बाबूला झांज वाजवायची नाही, हे शिकवता शिकवता सत्यवानाचा घसा बसला. वाजवायला शिकवणं सोपं. ते गावातलं कुठलंही पोर भजनात बसून शिकतं. पण मध्येच थांबायचं, आणि सावकाश मोठा श्वास घेऊन सोडेपर्यंत गप्प बसायचं, हे काही बाबूच्या हातांना पटेना.

"हात आपसूक पडतत रे," बाबू म्हणे. "मधीच गप रवलंव तर लोक म्हणतले, बाबू इसारलो."

"म्हणूंदेत! थंय चित्रात काय आसा? कोरां आसा. मगे थंय वाजवतंस काय, माझां कपाळ?"

चित्र दाजीचं, म्हणजे सत्यवानाच्या थोरल्या भावाचं. दाजी मुंबईच्या गिरणीत साड्यांच्या किनारी रेखाटायचा आणि सुट्टीत तारकर्लीला आला की स्वतःची चित्रं काढायचा. हे शेवटचं. डावीकडे होड्यांच्या डोलकाठ्या, जाड काळ्या फटकाऱ्यांनी ओढलेल्या; खाली जाळ्याची बारीक वीण; उजवीकडची अर्धी जागा कोरीच. त्यानंतर त्याची दृष्टी गेली. गावी परतला तो मुका झाल्यासारखा. घरात जेवणापुरतं बोले, चार माणसांत मात्र दोन वर्षांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. सत्यवानाला ते सहन होईना. दिसत नाही तर नाही, पण दाजीला त्याचं चित्र ऐकवायचंच, असं त्याने डोक्यात घेतलं. डोलकाठ्यांना पखवाज, जाळ्याला झांजा, कोऱ्या जागेला काहीच नाही. याचं डोकं फिरलंय, असं सगळं भजनी मंडळ म्हणालं, त्याच्या तोंडावर.

सोमवारी संध्याकाळी भजन आटोपल्यावर त्याने दाजीला हाताला धरून देवळात आणलं, खांबाशी बसवलं आणि पखवाज पुढ्यात ओढला. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, जाळं पसरलं, आणि सगळे थांबले. बाबूने तर हात मांडीखाली दाबून धरले. सत्यवान दाजीच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ ओरडलं.

आता लोकांना तरी काय बोल लावणार? देवाला गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं म्हणून थांबतो, आणि तो थांबला की सगळ्यांनी ही साथ द्यायची, हे इथे अंगातच भिनलेलं. देवळात कोणी थांबलं की तोंडातून ते निघणारच. पण सत्यवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाऱ्हाणां घालतंय काय मी? मेल्यांनो, चित्र आसा तां! थंय कोण नाय! तोंडां मिटून बसा!"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेला कोरी जागा आली तेव्हा म्हातारी हौसाबाईसुद्धा पदर तोंडात कोंबून बसली. कोणी खोकलंही नाही. महिनाभर जिच्यासाठी डोकेफोड केली ती शांतता, अगदी हवी तश्शी.

"व्हय म्हाराजा!"

एकच आवाज, खणखणीत. कोण गाढव ते बघायला सत्यवान चिडून वळला. दाजी होता.

"दाजी, तुझांच चित्र मां तां?" सत्यवान रडकुंडीला आला.

"माझांच. माणसां काढूची होती थंय, जमली नाय, म्हणान कोरां रवलां. आज गावली." दाजी भर देवळात, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. "तू वाजव रे! थांबलंस कित्याक?"

सत्यवानाचे डोळे भरून आले होते. त्याने अंदाजानेच थाप मारली.