दुखण्याचा आकडा

तुळसाबाईची गर्भपिशवी काढून दोन दिवस झाले होते, आणि दोन्ही दिवस तिचा नवरा काशीनाथ दवाखान्यात तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होता. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्याने तीस वर्षं उभ्याने काम केलं, पण पाठ अशी कधी धरली नव्हती.

रसिका सिस्टर कागद घेऊन आल्या. "मावशी, शून्य ते दहात सांगा, किती दुखतंय?"

"शून्यच लिहा," काशीनाथ म्हणाला. "तीन बाळंतपणं घरात झाली, पण शेजारणीलासुद्धा आवाज गेला नाही. लोखंड आहे ती."

कालपासून विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला त्यानेच हे उत्तर दिलं होतं, आणि कागदावर शून्यच चढलं होतं.

"काका, टाके तुम्हाला घातलेत का?" सिस्टर म्हणाल्या. "मावशी, जरा खोकून दाखवा. छातीत कफ साठला तर न्यूमोनिया होईल."

तुळसाबाईने पोटावर हात दाबला, तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आठ," ती म्हणाली. "काल नऊ होतं."

"मग बोलली का नाहीस?" काशीनाथने विचारलं.

"तुम्ही एवढ्या कौतुकाने सांगत होता. मध्येच कशी बोलू?"

सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. तासाभराने तुळसाबाई खोकली आणि दमून झोपली.

संध्याकाळी दुसरी सिस्टर आकडा विचारायला आली, तेव्हा काशीनाथ गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.