गळ्याचे टाके

त्या वर्षीच्या डिसेंबरात मंदाकिनीच्या हातात एकदम पाच विणकामं होती, आणि पाचही अर्धी. नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत जिथे हात घालावा तिथून लोकर निघे. वडिलांचा, म्हणजे भाऊंचा, करडा मफलर उशीच्या अभ्र्यात. शेजारच्या विमलाबाईंच्या नातवाचा दुसरा मोजा बिस्किटांच्या डब्यात. चहाच्या किटलीचं पिवळंधमक टोपडं खुंटीवरच्या पिशवीत. धाकट्या सुहासिनीच्या मरून स्वेटरची नुसती पुढची बाजू ट्रंकेवर. आणि पाचवा, बाटलीसारखा हिरवा, पूर्ण बाह्यांचा, चांगला रुंद खांद्यांचा पुरुषी स्वेटर कपाटाच्या पार तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला.

विणणाऱ्या बायका ओळीला सुईच म्हणतात. मंदा सकाळी मफलरच्या दोन सुया विणी, दुपारी मोज्याच्या चार, मग उठून टोपडं घेई, ते ठेवून सुहासचा मरून. एकाच कामाला धरून बसलं तर ते संपतं, आणि संपलं की टाके बंद करावे लागतात. तेवढंच तिला नको होतं. का नको, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

"ताई, तू विणतेस का लोकरीला फिरवून आणतेस गं?" सुहास विचारी.

विमलाबाई तर दारातूनच सुरू होत. "मंदे, एक मोजा दसऱ्याला दिलास. आमचा बाळ्या आता धरून धरून चालायला लागला. एकाच पायात मोजा घालून फिरवू की काय त्याला तळ्यावर?"

हसायची जागा आली की मंदा हसे. ताट वाढलं की जेवे. आमटीत मीठ राहिलं असं बाकीचे म्हणाले की मग तिला कळे.

ते तसं सप्टेंबरापासून होतं. मे महिन्यात कल्याणच्या हरिहरशी तिचा साखरपुडा झाला होता. त्याची नोकरी डेहराडूनला. तिकडे थंडी मरणाची, म्हणून आईनेच विहीणबाईंकडून त्याचा एक शर्ट मापाला मागून आणला, आणि मंदाने पावसाळाभर तो हिरवा स्वेटर विणला. पाठ झाली, पोट झालं, बाह्या झाल्या, खांदे जोडून झाले. गळा तेवढा राहिला. गळ्याचे टाके जाड दोऱ्यावर उतरवून ठेवले होते, त्याच आठवड्यात कल्याणहून हरिहरचे काका आले. मुलाचं चार ओळींचं पत्र आलं होतं. त्याने तिकडेच लग्न ठरवलं होतं. काका खाली मान घालून बसले. मापाचा शर्ट आईने घडी करून त्यांच्या हातात दिला. चहा मंदानेच केला. साखर बरोबर पडली होती.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी सुहास शाळेतून आली ती दप्तर फेकतच. पंधरा वर्षांची पोर, नुकतीच लंगडीच्या संघाची कॅप्टन झालेली, त्यामुळे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि लागला तर एकच.

"शनिवारी नाशिक! तीन शाळांचे सामने! आणि आई, बाईंनी सांगितलंय, पूर्ण बाह्यांचा स्वेटर नसेल तर गाडीत बसायचंच नाही. मागच्या वर्षी दोघी तापाने फणफणल्या ना. ताई, माझा मरून कुठवर आलाय?"

मंदाने ट्रंकेवरचा मरून तुकडा उचलून दाखवला.

"हे काय, पोटच आहे नुसतं! पाठ? बाह्या? चार दिवसांत होईल?"

"नाही होणार," मंदा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

सुहासचं तोंड एवढंएवढंसं झालं. "कॅप्टनच नाही गेली तर त्या मालूला करतील कॅप्टन. तिला धड डाव्या पायावर उभं राहता येत नाही!" आणि ती खरंच रडायला लागली, हमसून हमसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून.

आई तांदूळ निवडत होती. ताटावरची मान वर न करता ती म्हणाली, "मंदा, कपाटात एक पडलाय. गळाच तेवढा राहिलाय त्याचा."

सुहासचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. "नको नको, तो नको. मी... मी बाईंना सांगेन ना काहीतरी."

मंदा उठली. फडकं सोडलं, हिरवा स्वेटर मांडीवर घेतला, दोरा ओढून काढला आणि गळ्याचे टाके एकेक करून चार सुयांवर घेतले. सगळे जागेवर होते. तीन महिन्यांत एकही निसटला नव्हता. तिला वाटलं होतं, वाईट वाटेल. नाही वाटलं. एक सुलट, एक उलट.

बुधवारी, गुरुवारी ती दुसऱ्या कशाला शिवली नाही. शुक्रवारी दुपारी, सुहास समोर पाटावर डुलत बसलेली असताना, तिने टाके बंद केले. एक टाका दुसऱ्यावरून ओढून, घट्ट. पुन्हा घट्ट. दोरा कापला.

"घाल."

सुहासने हात घातले, डोकं घातलं, आणि डोकं काही वर येईना.

"ताई! अडकले मी! नाक, नाक अडकलंय!"

एवढ्याशा गळ्यातून केसांचा झुबका तेवढा वर आला होता. हातांवरून बाह्या चार बोटं खाली लोंबत होत्या. सुहास हात पसरून खोलीभर चाचपडत होती, आणि मंदासमोर, डोक्याशिवाय, रुंद खांद्यांचा एक हिरवा माणूस उभा होता.

मंदा बघत राहिली. या खांद्यांवर चेहरा कसा होता ते आठवायचा तिने प्रयत्न केला. मिशी होती, एवढं आठवलं. आणि मग बसून बसून मुंग्या आलेल्या पायात रक्त फिरायला लागावं, तसं कुठेतरी बारीक, अगदी बारीक दुखलं.

"ताई, आहेस ना? मी मरतेय इकडे!"

"आहे. हलू नकोस, मूर्खासारखी." तिने स्वेटर वर ओढून काढला. आतून लालबुंद झालेली, केस पिंजारलेली सुहास निघाली.

"गळा आहे का बांगडी ही?"

"हात घट्ट पडला माझा," मंदा म्हणाली. बंद केलेली कड तिने उसवली. टाके पुन्हा सुयांवर घेताना एकदोन धूसर दिसले; तिने पदराने डोळे पुसले. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या आईने ते पाहिलं आणि ताट घेऊन ती आत निघून गेली. या वेळी मंदाने दोरा ओढला नाही. प्रत्येक टाक्याला श्वास घ्यायला जागा ठेवली. शेवटचा टाका राहिला तेव्हा ती थोडी थांबली. मग तोही बंद केला.

सुहासने बाह्या दुमडल्या, स्वेटर मांडीपर्यंत आला.

"आता एवढा मोठा केलास, तूही मावशील यात माझ्याबरोबर."

"मग दे इकडे, उसवते."

"अगं जा!" म्हणत ती एका पायावर उड्या मारत विमलाबाईंना दाखवायला पळाली.

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला. "झाला का? मग आता आमच्या दुसऱ्या पायाचं बघा म्हणावं!"

मंदाने बिस्किटांचा डबा ओढला. मोज्याची टाच वळवायची राहिली होती. "उद्या देते, विमलाबाई," ती मोठ्याने म्हणाली.