एका खाचेचा चोक

कारागिराने बंदुकीची नळी शिकंज्यात आवळली, तोंडाशी तेल सोडलं आणि पान्यावर सगळा भार टाकला. आत अडकलेला चोक तसूभरही हलला नाही.

"कुणावर गेलाय हा?" त्याने घाम पुसत विचारलं.

"आमच्या साडूंवर," थोरला म्हणाला.

"जागचं हलायचं नाही म्हणजे तुमच्यावरच," धाकटा म्हणाला.

सासऱ्यांनी जाताना दोन जावयांत मिळून ही एकच बंदूक ठेवली होती. आपल्यामागे यांचं बोलणं बंद पडू नये, एवढा हिशेब म्हाताऱ्याने नक्की केला असणार. एक रविवार याचा, एक त्याचा. मैदानावर मातीच्या तबकड्या उडवायच्या आणि आठवडाभर भांडायचं. भांडण चोकचं. नळीच्या तोंडात फिरवून बसवायचं हे बोटभर नळकांडं छर्रे किती पसरायचे ते ठरवतं. थोरल्याचा चोक सैल, धाकट्याचा घट्ट. धाकट्याचा मागच्या वर्षी मैदानावर हरवला. तेव्हापासून तो थोरल्याच्या चोकवर नेम धरायचा आणि तबकडी हुकली की त्याच्या नावाने खडे फोडायचा. थोरल्याने मात्र त्याच चोकवर यंदाचा करंडक घरी नेला होता. बंदूक दोघांची, त्यामुळे ती साफ मात्र कुणीच केली नव्हती.

"तोंड फुगलंय," कारागीर म्हणाला. "तेवढं कापून नवे आटे पाडतो. पण पुढे पत्रा पातळ आहे, सारखी काढघाल सोसायची नाही. एकच चोक बसवीन, तो कायमचा. कुठला ते बोला."

"मी नवा घट्ट घेणार होतो," धाकटा म्हणाला. मग थोरल्याकडे बघून त्याने हात झटकले. "जाऊ दे. करंडक यांच्या कपाटात आहे. यांचाच बसवा. जन्मभर शिव्या घालायला मला काहीतरी हवंच."

तो चहा सांगायला बाहेर गेला. त्याची पाठ जरा वाकल्यासारखी दिसली.

कारागिराने नळी गरम केली, पुन्हा जोर लावला. कर्र करून चोक फिरला. त्याने तो चिंधीत पुसून थोरल्यापुढे धरला.

"सैल म्हणालात ना? सैलाच्या कडेवर चार खाचा असतात. याला एकच आहे, म्हणजे हा घट्ट."

थोरल्याने चोक उजेडात फिरवून पाहिला. मग दुसरा हात कोटाच्या खिशात गेला, फाटक्या शिवणीतून खाली अस्तरात उतरला आणि तिथे काहीतरी बोटभर, गोल, गार चाचपत बराच वेळ थांबला.

"हाच बसवा," तो म्हणाला.

"आणि त्यांना कळलं तर?"

"तेवढी खाच घासून टाका."

कारागिराने कानस उचलली.

धाकटा तीन पेले सांभाळत आत आला. "निघाला? कसा आहे?"

"चांगला आहे," थोरला म्हणाला. "पुढचे दोन्ही रविवार तू घे. हात बसेल."

"बसला नाही तर दोष तुमच्या चोकलाच देणार, आधीच सांगतो."

"दे की," थोरला म्हणाला आणि चहात फुंकर घातली.