उजवा खांदा

दंतवैद्यकाच्या चौथ्या वर्षी तयसीरला प्रात्यक्षिकात ‘उत्तम’ शेरा मिळाला, तेव्हा तिने एकाही जिवंत माणसाच्या तोंडात बोट घातलेलं नव्हतं.

खार्तूममधलं कॉलेज लढाईत जळालं. प्राध्यापक कैरोला गेले, पोरं वाट फुटेल तिकडे. मेली नाही ती फक्त परीक्षा! अटबरा नावाच्या गावात मामाच्या घरी आईसोबत येऊन पडलेली तयसीर रोज चहावालीच्या छपराखाली मोबाइल टेकवून बसायची. गावात नेट तिथेच धड चालायचं. कैरोहून डॉक्टर मुआविया ओरडायचे, “उजवीकडची खालची, शेवटून दुसरी दाढ! बोट ठेवा!” की सगळा वर्ग आपापल्या मोबाइलमध्ये बघत आ वासायचा आणि बोट ठेवायचा.

“अगं मीट ते,” चहावाली म्हणायची. “माशी आत गेली तर तिचीही दाढ काढशील.”

मोबाइल आरशासारखा दाखवतो. त्यात आपलं उजवं उजवीकडेच दिसतं. समोर बसलेल्या माणसाचं उजवं मात्र आपल्या डाव्या हाताला येतं. हे तयसीरने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तिच्या डोळ्यांनी वर्षभर आरसाच गिरवला होता.

आणि मग तिच्या आईची, बतूलची, उजवी दाढ ठणकायला लागली. गावातला दातांचा डॉक्टर कधीच इजिप्तला निघून गेलेला. बतूल डाव्या बाजूने कशीबशी किसरा, ती ज्वारीची पातळ भाकरी, चावायची आणि भिंतीला गाल टेकून रात्र काढायची. तयसीरने फोटो पाठवले. मुआवियांचं उत्तर आलं, वाचण्यासारखी नाही, काढावीच लागेल, कुणीतरी जाणतं शोध.

“शोधायचं कशाला?” बतूल म्हणाली. “घरात डॉक्टरीण पोसलीय ना मी?”

“यम्मा, मी अजून एकही काढलेली नाही गं.”

“मग पहिली माझी काढ. परक्याला कशाला रडवतेस?”

बतूल अंगणात खाटेवर बसली. चिमटा उकळून घेतला, औषधाच्या दुकानातून भुलीचं इंजेक्शन आणलं. तयसीर समोर उभी राहिली. बतूलने आ केला. दोन्ही बाजूंच्या दाढांवर चहाचे सारखेच काळे डाग. तयसीरने मोबाइलमध्ये पाहायची तसं पाहिलं आणि आपल्या उजव्या हाताच्या बाजूला सुई टोचली.

थोड्या वेळाने बतूलने एक बोट वर केलं. “अं... अं...”

“मान हलवू नकोस यम्मा. चुकेल माझं.”

बोट खाली गेलं.

दाढ निघेना. खूप वेळ लागला, घाम गळून तयसीरच्या ओढणीवर पडला. शेवटी निघाली, मुळांसकट, अखंड. तयसीर आनंदाने ओरडली. दाढ पाण्याने धुतली, उजेडात धरली. कीड नव्हती. भेगही नव्हती. डाग घासला तर बोटाला लागला. दगडासारखी निरोगी दाढ होती ती.

तिने पुन्हा आईच्या तोंडात पाहिलं; किडकी दाढ दुसऱ्या बाजूला तशीच होती.

“तू बोलली का नाहीस?”

बतूलने कापूस गालात दाबला आणि अर्ध्या बधिर ओठांनी म्हणाली, “ओठ डावीकडचा बधिर झाला, तेव्हा वाटलं होतं. म्हटलं, शिरा आतून फिरून जात असतील. शिकलीस तू. मला काय कळतंय?”

आईने चार घरची धुणी धुऊन जिला शिकवलं, त्या पोरीने तिची चावायची एकमेव बाजू उपटून हातात दिली होती, आणि कॉलेजने त्या पोरीला ‘उत्तम’ म्हटलं होतं.

तयसीरने छपराखाली धावत जाऊन मुआवियांना फोन लावला. रडत सगळं सांगितलं.

“दवाखान्यात पहिल्या दिवशी आम्ही एकच गोष्ट करून घ्यायचो,” मुआविया म्हणाले. “हत्यार उचलायच्या आधी पेशंटच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, हे उजवं.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार होतो पोरी? स्क्रीनला खांदा असतो का?”

“तुम्हाला तर होता ना, डॉक्टर!” तयसीर किंचाळली. चहावालीच्या हातातला पेला थांबला. “स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवला असता तरी चाललं असतं!”

आणि तिने फोन ठेवला.

पुढे कित्येक दिवस बतूल किसरा रश्शात भिजवून गिळत होती. शेजारणींना सांगत होती, “काय हलका हात आहे पोरीचा! कळलंसुद्धा नाही.” उजवी दाढ ठणकतच होती. एका सकाळी ती पुन्हा खाटेवर येऊन बसली.

“चल, काढ.”

“नाही. मेले तरी नाही.”

“मग कुठे शिकणार आहेस? त्या मोबाइलच्या तोंडात?” बतूल हसायला गेली. “ही बाजू तर आता चुकायची नाहीस ना? दुसरी उरलीच नाहीये.”

तयसीर जवळ आली. हत्यार उचलायच्या आधी तिने आईच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. “हे उजवं,” ती म्हणाली.

आईचा चेहरा अजून हसत होता. हाताखालचा खांदा मात्र थरथर कापत होता.