निजलेलं बाळ उठवू नये

उद्या नोकरीवर परत जायचं, पोर सात महिन्यांचं, आणि मी दिवेलागणीला लंगोटांच्या घड्या टाकून लहान मुलींची पुस्तकं वाचत बसले होते. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. नव्हतंच.

पुस्तकं माझीच. ‘आळीतल्या ताया’, भाग एक ते सहा. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवाळीत पहिला भाग आला आणि मग दर दिवाळीला एक. कल्याणला माहेरी मी फराळाला हात लावायच्या आधी पुस्तक संपवायची. चार मैत्रिणी, एक आळी, आणि आळीतल्या कुठल्याही आईला बाहेर जायचं असलं की तिचं पोर सांभाळायला या चौघी हजर. सगुणा त्यांची पुढारी. प्रत्येक भागाच्या मागच्या पानावर तायांचे नियम छापलेले असत आणि पहिला नियम सगळ्यात मोठ्या अक्षरांत: निजलेलं बाळ उठवू नये. मला ते नियम परवचा म्हणावा तसे पाठ होते.

लग्नानंतर पुस्तकं माझ्या ट्रंकेतून डोंबिवलीला आली आणि आता हेमाची झाली होती. हेमा ह्यांच्या थोरल्या भावाची मुलगी, तेरा वर्षांची, शिकायला म्हणून देवरुखहून आमच्याकडे राहिलेली. तिची शाळा सकाळची, माझी ठाण्याची शाळा दुपारची. ती घरात शिरायची आणि मी बाहेर पडायचं, असा मेळ बसत होता, म्हणून तर मी रजा संपल्यावर परत रुजू व्हायला हो म्हटलं. हे ठाण्यालाच कोर्टात कारकून. मी विचारलं तेव्हा “बघ बुवा,” एवढंच म्हणाले होते. ‘बघ बुवा’ म्हणजे पुढं काही झालं तर मी आधीच सांगितलं होतं.

“काकू, तू परत वाचतेयस?” भात उतरवता उतरवता हेमानं विचारलं.

“तू काय शिकून ठेवलंयस ते बघतेय.”

“मला सगळं येतं. तिसऱ्या भागात तर रडकं बाळ आहे, ते पण सगुणा गप्प करते.”

तेच बघत होते मी. तिसऱ्या भागातलं ते बाळ प्रकरण भरायला लागेल तेवढंच रडत होतं आणि ठरल्या वेळी झोपत होतं. सहा भागांत एकाही पोराला ताप नाही, जुलाब नाहीत, कुणी खडू गिळत नाही. आणि आई. आई पहिल्या पानावर पदर सारखा करत “येते हं लवकर” म्हणून निघते आणि शेवटच्या पानावर खाऊ घेऊन येते. मधे कुठं जाते, तिथं तिच्या पोटात काय होतं, याचा एक शब्द नाही. तेराव्या वर्षी मला ते खटकलंही नव्हतं. मी सगुणा होते तेव्हा. आता मात्र मी पहिल्या पानावरची बाई झाले होते, आणि मला त्या लेखकाचा भयंकर राग आला. याला पोरं होती का, आणि असली तर ती सांभाळत कोण होतं?

सकाळ झाली. शेजारच्या विमलाबाई रोज मधूला न्हाऊ घालायच्या. तेल, मालिश, धुरी आणि शेवटी गुटी, सगळं त्यांच्या हातचं. सहाणही त्यांची आणि गुटीची डबीही त्यांची. माझ्याकडची डबी नुसती बाळंतविड्यातली म्हणून फळीवर होती. पण त्या दिवशी त्या भल्या पहाटे कल्याणला लेकीकडे गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत यायच्या नाहीत, असं मी धरून चालले. म्हणून मधूला मीच न्हाऊ घातलं आणि गुटीही मीच उगाळली. वेखंड, हिरडा, मुरडशेंग यांचा एकेक वळसा दिला. जायफळाशी हात थांबला. जायफळानं पोर शांत झोपतं. आज पहिला दिवस, हेमा एकटी, हा रडून आकांत करायचा. मी जायफळ थोडं जास्तच उगाळलं.

हेमा शाळेतून आली तेव्हा मी चपला घालून उभीच होते. दूध कुठं, बोंडलं कुठं, कोरडे लंगोट कुठं, सगळं सांगितलं. गुटीचं सांगायचं सुचलंच नाही, कारण ती रोज विमलाबाईंची बाब. मधू तिच्या कडेवर कुरकुरत होता. मी जिना उतरायला लागले आणि परत दोन पायऱ्या चढून म्हटलं, “निजला तर उठवू नकोस हं.”

“पहिला नियम,” हेमा म्हणाली.

ठाण्याला मी त्या दिवशी काय शिकवलं देव जाणे. सातवीच्या मुली मान खाली घालून गणितं सोडवत होत्या आणि मी खिडकीतून मासुंद्याच्या तळ्याकडे बघत मनातल्या मनात आमच्या घरातल्या वस्तूंवर हात फिरवत होते. विळी भिंतीला उभी केली का? पाटावरचा सुपारीचा अडकित्ता? दुपारी छाती दुधानं ठणकायला लागली आणि पोलकं ओलं झालं. मी पदर घट्ट लपेटला. मधल्या सुट्टीत दौलत शिपायानं चहा आणून ठेवला आणि म्हणाला, “बाई, घरची आठवण काढताय.” मी त्याला उगाच ओरडले.

संध्याकाळी जिन्याशी आले तेव्हा वर अगदी शांत होतं. आधी बरं वाटलं. मग चार पायऱ्या चढेपर्यंत ते बरं वाटणं संपलं. सात महिन्यांचं पोर जागं असलं की इतकी शांतता नसते, आणि या वेळेला ते झोपलेलं नसतं.

दार लोटलेलं होतं. मधू गोधडीवर आणि हेमा त्याच्याशेजारी मांडी घालून बसलेली, एक हात त्याच्या पोटावर. अभ्यासाचं पुस्तक नाही, खेळ नाही. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं नाही, उठलीही नाही.

“कधीचा झोपलाय?”

“तू गेल्यावर थोड्या वेळानं. दूध प्यायला नाही. मी बोंडलं लावलं तर ओठच हलवले नाहीत. काकू, मला भीती वाटत होती, पण तू म्हणालेलीस ना, उठवू नकोस.”

मी त्याला उचललं. मान लोंबली. हाक मारली, गाल थोपटले, तळव्याला नखानं टोचलं. पापण्या जराशा हलल्या आणि मिटल्या. छातीशी लावला तर दूध त्याच्या गालावरून ओघळून गेलं, त्यानं तोंड उघडलं नाही. मी त्याला घेऊन जिन्यात आले तशी विमलाबाईंचं दार उघडलं.

“अगं, काय झालं?”

“तुम्ही घरी?”

“तू निघालीस आणि मागोमाग मी परतले. म्हटलं, आज शुभदाचा पहिला दिवस, लेकीकडे काय, उद्याही जाता येईल. आले तर हा कुरकुरत होता. न्हालेला दिसला, पण गुटी माझ्याशिवाय कोण उगाळणार? मग दिली. जायफळ जरा जास्त घातलं, पोरीला त्रास नको म्हणून.”

“मीपण दिली होती,” मी म्हटलं. “मीपण जायफळ जास्त घातलं होतं.”

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा पाहुणा दोन्ही घरी पोटभर जेवला होता. विमलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि तशाच अनवाणी माझ्यामागून निघाल्या. हेमाही धावत आली.

डॉक्टरांचा दवाखाना स्टेशनच्या बाजूला होता. एवढासा रस्ता, पण त्या दिवशी तो सरेना. मी मधूला हाका मारत चालत होते, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. मनात एकच चाललं होतं: हा उठू दे, मी पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. देवाला असं बोलून बसले खरी.

डॉक्टरांनी त्याची पापणी वर केली, छातीला नळी लावली, नखं पाहिली. गुटीचं ऐकून माझ्याकडे आणि विमलाबाईंकडे आळीपाळीनं बघितलं. मग विचारलं, “दुपारभरात श्वास कधी अडकला? ओठ काळेनिळे झाले? झटका आला?”

मला काय ठाऊक. मी ठाण्याला होते. विमलाबाई गुटी देऊन आपल्या घरी गेल्या होत्या.

“नाही,” हेमा म्हणाली. “श्वास एकदाही थांबला नाही. पोट सारखं वरखाली होत होतं, मी हात ठेवून बसले होते. ओठ गुलाबीच होते. मधे एकदा जांभई दिली. एकदा लंगोट ओला केला.”

“सगळी दुपार हात ठेवून बसलीस?”

“हो.”

“जेवलीस कधी?”

हेमानं मान हलवली. जेवलीच नव्हती.

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. “मग ठीक आहे,” ते म्हणाले. “मला हेच कळायला हवं होतं. शू होतेय, श्वास सरळ आहे. आता याला झोपू देऊ नका. थंड पाण्याचा हात फिरवा, आवाज करा, हलवा. एकदा खणखणीत रडला की समजा सुटलो. श्वास मंदावला तर लगेच इकडे.”

घरी आलो आणि आवाज करायला लागलो. आयुष्यभर पोर निजलं की बांगड्यासुद्धा वर सारून वावरलेल्या बायका आम्ही, आम्हाला आवाज करता येईना. विमलाबाईंनी पितळी परात घेतली खरी, पण पहिले दोन टोले दबकतच दिले. मग म्हणाल्या, “छे, हे काही खरं नाही,” आणि लाटण्यानं अशी बडवली की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. कारण कळल्यावर कुणी तांब्या आणला, कुणी थाळी. हेमा ओला पंचा त्याच्या पायांवरून फिरवत होती. मी त्याला दोन्ही हातांनी धरून नाचवत होते आणि रडत होते. मधू डोळे अर्धे उघडायचा, आमच्याकडे तुच्छतेनं बघायचा आणि मिटायचा. परत परात. परत पाणी. माझा जीव त्या पापण्यांत अडकलेला.

त्यातच हे आले. दारात चपला काढता काढता म्हणाले, “काय, ग्रहण लागलंय का?”

कुणी उत्तर देण्याआधी मधूनं तोंड वाकडं केलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि त्यानं असा टाहो फोडला की परात थांबली. मी त्याला पदराखाली घेतला. तो चिडून, गुदमरत, माझ्यावर फार मोठा राग असल्यासारखा प्यायला. विमलाबाई तिथंच फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्या हातून आता पुन्हा जायफळ नाही.” मग सगळी आपापल्या घरी गेली.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, उपरणं खुंटीला लावलं आणि म्हणाले, “उद्यापासून तू जाऊ नकोस. आणि हेमाला दादाकडे पोचवून येतो. एवढी मोठी झाली, पोर उठत नाही हे कळू नये? शाळा काय, तिकडेही आहे.”

हेमा भिंतीशी उभी होती. देवरुखला तिच्या पाठच्या दोघी बहिणींची शाळा बंद करून चुलीपुढे बसवलेलं, हे ह्यांनाही माहीत होतं.

मी देवाला काय बोलले होते ते मला आठवत होतं. न जाण्याची मला इच्छाही होती; त्या क्षणी कुणी माझे पाय घरात खिळवून ठेवले असते तर बरं वाटलं असतं. पण मधू माझ्या मांडीवर पोट फुगेस्तोवर पिऊन पडला होता, आणि तो गेला नव्हता हे ज्या एका माणसाला दुपारभर ठाऊक होतं ते माणूस भिंतीशी उभं होतं.

“जायफळ मी घातलं,” मी म्हटलं. “उठवू नकोस हेही मीच सांगितलं. तिनं माझं ऐकलं, आणि तरी ती त्याच्यापाशीच बसली, उपाशी, पोटावर हात ठेवून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगता आलं ते तिलाच. ती कुठंही जाणार नाही. तुम्ही पानं घ्या आधी, ती जेवलेली नाही.”

ह्यांनी माझ्याकडे, मग हेमाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बघ बुवा,” आणि पाट मांडायला उठले. पाट त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच मांडले.

जेवणं झाल्यावर हेमा सहाही भाग घेऊन आली. “काकू, ही परत ट्रंकेत ठेव. यातलं सगळं खोटं आहे.”

“खोटं नाही गं. लिहिणाऱ्यानं आईला पहिल्या पानावर घालवून दिलं आणि विसरून गेला, एवढंच.”

“कुठं जाते ती?”

“ठाण्याला,” मी म्हटलं. “आणि तिथं तिचं कशात लक्ष लागत नाही.”

हेमा पहिल्यांदा हसली. मग तिनं गंभीर होऊन विचारलं, “तू उद्या जाणार?”

मी मधूचं पांघरूण सारखं केलं. रात्री मी मधूच्या पोटावर हात ठेवून पडले आणि हेमाचा हात कसा अवघडला असेल ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी विमलाबाईंनी न्हाऊ घातलं, आणि गुटी उगाळण्याआधी जिन्यात उभं राहून मोठ्यानं विचारलं, “शुभदा, तू दिलीस का?” खालच्या मजल्यालाही कळलं असेल. हेमा शाळेतून आली. मी चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या.

“निजला तर?” हेमानं विचारलं.

“दुधाच्या वेळेला उठव.”

“रडला तर?”

“रडू दे. तू आधी जेव.”

मी जिना उतरले. खाली पोचते तोच वर मधूनं भोकाड पसरलं, आणि मागोमाग हेमाचं “अरे, अरे, येईल ती” ऐकू आलं. काल असा रडला असता तर मी उलट्या पावली वर धावले असते. आज मी फाटकाशी उभी राहून ते रडणं पोटभर ऐकून घेतलं आणि स्टेशनकडे चालू लागले.